नसलेल्या यादीचा माग : हॉलिवूडच्या बहिष्कृतांचे कागद वाचताना

कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांना हॉलिवूडने १९४७ पासून काम देणे बंद केले, त्यांच्या ‘काळ्या यादी’विषयी मराठीत एक सविस्तर लेख तयार करावा, असे आमच्या पुण्यातल्या फिल्म सोसायटीच्या जानेवारी २०२४ मधल्या बैठकीत ठरले. मी उन्हाळ्यात मुलीकडे शिकागोजवळ राहायला जाणार हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे ते काम आपसूक माझ्या गळ्यात पडले. मी इतिहासाची अभ्यासक नाही. एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झाले असून शेवटची काही वर्षे तिथे जन माहिती अधिकारी म्हणून काम केले आहे. त्यामुळे माहितीचे अर्ज नाकारायचे कसे आणि द्यायचे कसे, हे दोन्ही मला चांगले कळते. अर्जदाराच्या बाजूला मात्र या निमित्ताने पहिल्यांदाच बसले. परदेशातल्या अभिलेखागारात जाऊन कागद वाचणे हे विद्यापीठातल्या लोकांचे काम आहे, अशी जी धास्ती माझ्या मनात होती ती आणखी कुणाच्या मनात असल्यास थोडी कमी व्हावी, म्हणून हे सारे क्रमाने लिहीत आहे.

विषय निवडताना आम्ही ट्रम्बो यांच्यावर लेख लिहायचा नाही असे ठरवले. काळ्या यादीतले पटकथालेखक डाल्टन ट्रम्बो यांनी टोपणनावाने लिहून ऑस्कर मिळवले आणि १९६० मध्ये त्यांचे नाव पुन्हा पडद्यावर झळकले, ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. आम्हाला हवी होती ती दुसऱ्या प्रकारच्या प्रतिकाराची हकिकत : नाव लपवून काम मिळवण्याऐवजी उघडपणे एकत्र येऊन स्वतःचीच चित्रपटसंस्था काढणाऱ्यांची. हर्बर्ट बिबरमन, पॉल जॅरिको, एड्रियन स्कॉट आणि चित्रपटगृहांचे मालक सायमन लॅझरस यांनी १९५१ मध्ये ‘इंडिपेंडंट प्रॉडक्शन्स कॉर्पोरेशन’ स्थापन केली आणि न्यू मेक्सिकोतल्या जस्ताच्या खाणीतल्या संपावर ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ हा चित्रपट काढला. कथा मायकल विल्सन यांची, दिग्दर्शन बिबरमन यांचे, निर्मिती जॅरिको यांची. तिघेही काळ्या यादीतले.

फेब्रुवारी महिना घरबसल्या वाचनात गेला आणि तो अजिबात वाया गेला नाही. कुठल्याही अभिलेखागारात जाण्याआधी छापील आणि मोफत उपलब्ध असलेले सगळे संपवून जावे, हा माझा पहिला सल्ला आहे. ‘अमेरिकाविरोधी कारवायां’ची चौकशी करणाऱ्या अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या ज्या समितीला लोक ‘ह्यूॲक’ म्हणून ओळखतात, तिच्यासमोर ऑक्टोबर १९४७ मध्ये झालेल्या साक्षींचे छापील इतिवृत्त आंतरजालावर संपूर्ण वाचता येते. ‘तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य आहात किंवा कधी होतात काय’ या प्रश्नाला सरळ उत्तर देण्यास हॉलिवूडमधल्या दहा जणांनी नकार दिला आणि राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेल्या स्वातंत्र्याचा आधार घेतला. नोव्हेंबरमध्ये त्यांच्यावर सभागृहाच्या अवमानाचा ठपका आला आणि त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जमलेल्या स्टुडिओप्रमुखांनी निवेदन काढले की, या दहा जणांना आम्ही कामावरून काढत आहोत आणि यापुढे माहीत असताना कोणत्याही कम्युनिस्टाला काम देणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९५० मध्ये अपील ऐकण्यास नकार दिला. आठ जणांना एक वर्ष तुरुंगवास आणि १,००० डॉलर दंड, तर बिबरमन आणि एडवर्ड डिमिट्रिक यांना सहा महिने आणि ५०० डॉलर दंड झाला. पुढे डिमिट्रिक यांनी समितीसमोर जाऊन नावे सांगितली आणि त्यांना काम मिळू लागले. बिबरमन यांनी सांगितली नाहीत.

हे वाचताना एक गोष्ट टोचू लागली. वॉल्डॉर्फच्या निवेदनात नावे असलीच तर फक्त त्या दहांची होती. १९५१ नंतर शेकडो लोकांचे काम गेले ते कोणत्या आदेशाने, याचा कागद स्टुडिओंकडे नाही. रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या बाबतीत ‘रेड चॅनल्स’ नावाची १५१ नावांची पुस्तिका जून १९५० मध्ये छापली गेली होती. पण चित्रपटांची अशी यादी कुणी छापली नाही आणि स्टुडिओ तर यादी असल्याचेच नाकारत राहिले. आयुष्यभर कचेरीत काढलेल्या माणसाला हा प्रकार नवा नाही. ‘वरून तोंडी आदेश आहे’ असे सांगणारा साहेब आणि ‘असा आदेश आम्ही दिलाच नाही’ म्हणणारा त्याच्यावरचा साहेब, हे दोघेही मी जवळून पाहिलेले आहेत. म्हणून लेखाचा प्रश्न ठरला : ज्या बंदीचा आदेशच निघत नाही तिच्याशी माणसे लढली कशी, आणि त्यासाठी पुरावा कसा जमवला?

आपल्याकडे त्याच काळात जे घडले ते याहून वेगळे होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकावर मुंबई सरकारने बंदी घातली, बलराज साहनी यांना तुरुंगात असतानाच ‘हलचल’च्या चित्रीकरणासाठी बाहेर नेले जात असे, आणि मजरूह सुलतानपुरी यांनीही तुरुंगवास भोगला. ही सगळी सरकारने उघडपणे केलेली दडपशाही होती. तिला आदेश होता, सही होती, शिक्का होता. अमेरिकेत सरकारने चौकशी केली आणि शिक्षेचा बराचसा भाग खासगी कंपन्यांच्या हाती राहिला. दोन्हींत अधिक वाईट कोणते हे मी ठरवू शकत नाही, पण दुसऱ्याचा माग काढणे अधिक अवघड असते एवढे नक्की.

मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मी एफबीआयकडे माहितीचा अर्ज दाखल केला. तिथल्या माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याला सगळे ‘फोया’ म्हणतात. आपल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज फक्त भारतीय नागरिकाला करता येतो. फोयाखाली मात्र कोणत्याही देशाच्या माणसाला अर्ज करता येतो, हे कळल्यावर मला फार बरे वाटले. आपल्याकडे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो, तिथे अर्जाला शुल्क नाही. आपल्याकडे तीस दिवसांची मुदत, तिथे कामाचे वीस दिवस. मात्र ती मुदत सहसा पोच आणि प्राथमिक उत्तर येण्यापुरती धरावी, मोठ्या फायलीला महिने किंवा वर्षेही लागतात. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि त्याला पुण्याचा पत्ता दिला तरी चालतो.

अर्ज भरताना ज्या गोष्टी उपयोगी पडल्या त्या अशा. ज्या व्यक्तीची माहिती मागायची ती हयात असेल तर तिची संमती लागते आणि मृत असेल तर मृत्यूचा पुरावा लागतो. पण जन्मतारीख शंभर वर्षांपूर्वीची दाखवता आली तर पुराव्याची अट राहत नाही. बिबरमन यांचा जन्म ४ मार्च १९०० चा, फिलाडेल्फियातला. विल्सन १९१४ चे, जॅरिको १९१५ चे. या पिढीतले बहुतेक जण आता त्या मर्यादेपलीकडे गेले आहेत. व्यक्तीचे पूर्ण नाव, जन्मस्थळ, मृत्यूची तारीख आणि ज्या वर्षांतली कागदपत्रे हवीत ती वर्षे स्पष्ट लिहावीत. पानांच्या संख्येनुसार अर्जांच्या वेगवेगळ्या रांगा असतात, त्यामुळे ‘सर्व कागदपत्रे’ असे न मागता मी ‘१९५१ ते १९५५, न्यू मेक्सिकोतील चित्रपटासंबंधी’ असे मागितले. जन माहिती अधिकारी असताना ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहिणाऱ्या अर्जदारांना मी मनातल्या मनात जे बोलले होते ते आठवून मला आता हसू आले. शुल्काच्या रकान्यात आपण किती रक्कम देण्यास तयार आहोत ते लिहून टाकावे. मी २५ डॉलर लिहिले. व्यावसायिक हेतू नसलेल्या अर्जदाराला दोन तासांचा शोध आणि पहिली १०० पाने मोफत मिळतात.

पोच आणि क्रमांक ईमेलने आला. तो क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक पत्रव्यवहारात तोच आपले नाव असतो. दरम्यानच्या काळात वाचण्यासारखेही पुष्कळ होते. चित्रपट उद्योगातल्या कम्युनिस्ट शिरकावाविषयी एफबीआयने १९४२ पासून चालवलेल्या तपासाची हजारो पाने पूर्वीच खुली झालेली असून ती स्कॅन केलेल्या रूपात आंतरजालावर आहेत. त्यातल्या बऱ्याच पानांवर मजकुरापेक्षा काळे चौकोनच अधिक दिसतात.

मे महिन्याच्या मध्याला मी शिकागोला पोहोचले. बिबरमन आणि त्यांच्या पत्नी, अभिनेत्री गेल सॉन्डरगार्ड यांचे कागद विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत, म्हणजे मॅडिसन शहरात आहेत. त्या दहा जणांपैकी ट्रम्बो आणि अल्बर्ट माल्ट्झ, तसेच दहा जणांचे वकील रॉबर्ट केनी आणि रॉबर्ट मॉरिस यांचे कागदही तिथेच आहेत, हे वाचल्यावर मॅडिसनला जाणे अटळ झाले. मी संग्रहाची वर्णनात्मक सूची आधी वाचली, त्यातून खोक्यांचे क्रमांक काढले आणि अभिलेखपालांना ईमेल पाठवून येण्याच्या तारखा कळवल्या. ही सूची नीट वाचण्यात गेलेला प्रत्येक तास तिथे गेल्यावर कित्येक तास वाचवतो. काही खोकी दुसऱ्या इमारतीत ठेवलेली असू शकतात किंवा काही भाग फक्त मायक्रोफिल्मवर असू शकतो, म्हणून आधी विचारलेले बरे. उत्तर दोन दिवसांत आले, तेही आपुलकीचे. वाचनासाठी कसलेही शुल्क नाही, कुठल्या संस्थेचे शिफारसपत्र नको, छायाचित्र असलेले ओळखपत्र पुरते. माझा पासपोर्ट चालला.

शिकागोपासून मॅडिसन सुमारे २३५ किलोमीटर. बसचे येण्याजाण्याचे भाडे सत्तर डॉलरच्या आसपास पडले आणि विद्यापीठाजवळच्या एका साध्या खोलीला रात्रीचे ९५ डॉलर. शनिवारी राजधानीच्या इमारतीभोवती मोठा शेतकरी बाजार भरतो आणि त्या दिवशी खोल्या महागतात, म्हणून आठवड्याचे मधले दिवस निवडावेत. मुलीने डब्यात थेपले आणि लसणाची चटणी बांधून दिली आणि वर विचारले, “आई, तू सुट्टीला आली आहेस की ऑडिटला?”

सोसायटीची इमारत स्टेट स्ट्रीटच्या टोकाला, विद्यापीठाच्या चौकात आहे आणि तिच्यामागे थोड्याच अंतरावर मेंडोटा तलाव. वाचनकक्षात पिशवी, कोट, पाण्याची बाटली आणि पेन नेता येत नाही; शिसपेन्सिल, लॅपटॉप आणि फ्लॅश बंद ठेवलेला फोन चालतो. एका वेळी एकच खोके टेबलावर, त्यातून एकच फोल्डर बाहेर, आणि फोल्डर जिथून काढला तिथे जाड कागदाची खूण ठेवायची. कागदांचा क्रम कितीही चुकीचा वाटला तरी आपण तो लावायचा नाही. मला ही शिस्त फार आवडली. आपल्याकडच्या रेकॉर्ड रूममध्ये लाल कापडात बांधलेले गठ्ठे सोडताना नाकाला रुमाल बांधावा लागत असे, ते दिवस आठवले.

प्रत्येक पानाचा फोटो काढण्याआधी खोक्याच्या आणि फोल्डरच्या लेबलचा फोटो काढावा. हे एक पथ्य पाळले नाही तर घरी आल्यावर शेकडो फोटोंमधून कुठले पान कुठले ते कळत नाही आणि संदर्भ देताना लेखकाची फजिती होते.

आणि मग ते कागद. कार्बन प्रतींचा तो पातळ, करकरणारा कागद, ज्याच्या पलीकडून पुढच्या पानाची अक्षरे दिसतात, तो बऱ्याच वर्षांनी हाताला लागला. टंकलेखन यंत्राच्या ‘ओ’ने काही ठिकाणी कागदाला गोल भोके पाडली होती. बिबरमन यांच्या चित्रपटकंपनीच्या पत्रव्यवहारात आलेल्या पत्रासोबत गेलेल्या पत्राची प्रत जपलेली होती, आणि ती कुणी, का जपली असावी याचा विचार करताना माझा लेख खऱ्या अर्थाने सुरू झाला.

त्या चित्रपटाची हकिकत थोडक्यात सांगते, म्हणजे या कागदांना अर्थ येईल. न्यू मेक्सिकोतल्या हॅनोव्हर इथल्या एम्पायर झिंक कंपनीतल्या मेक्सिकन वंशाच्या खाणकामगारांनी ऑक्टोबर १९५० मध्ये संप केला. तो जानेवारी १९५२ पर्यंत चालला. न्यायालयाने जून १९५१ मध्ये कामगारांना खाणीच्या वाटेवर संपाचा पहारा (पिकेटिंग) करण्यास मनाई केली तेव्हा त्यांच्या बायका पहाऱ्यावर उभ्या राहिल्या, कारण मनाई कामगारांना होती, बायकांना नव्हती. त्यांच्या युनियनला कम्युनिस्ट ठरवून मोठ्या कामगार महासंघाने आधीच बाहेर काढले होते. थोडक्यात, बहिष्कृत चित्रपटकर्मींनी बहिष्कृत युनियनशी हात मिळवला. विल्सन यांनी पटकथेचा मसुदा खाणकामगारांना आणि त्यांच्या बायकांना वाचून दाखवला आणि त्यांच्या हरकतींनुसार बदलला. नायकाच्या भूमिकेत युनियनचा स्थानिक अध्यक्ष ह्वान चाकोन, इतर भूमिकांत बहुतांशी तिथलेच लोक. शेरीफ झालेले विल गीर स्वतः काळ्या यादीतले.

चित्रीकरण जानेवारी १९५३ मध्ये सुरू झाले. २४ फेब्रुवारीला अमेरिकी काँग्रेसचे सदस्य डोनाल्ड जॅक्सन यांनी सभागृहात या चित्रपटाविरुद्ध भाषण केले आणि त्याच आठवड्यात मुख्य अभिनेत्री रोसाउरा रेव्हुएल्टास यांना पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का नसल्याच्या कारणावरून अटक झाली. त्यांना मेक्सिकोला परतावे लागले. उरलेली काही दृश्ये दुसऱ्या स्त्रीला पाठमोरी उभी करून आणि काही मेक्सिकोत चोरून चित्रित करून भागवली गेली. गावात चित्रीकरणावर हल्ले झाले, राज्य पोलिसांना बोलवावे लागले.

या साऱ्यांत माझ्या मते सगळ्यांत बोलका कागद हॉवर्ड ह्यूज यांचा आहे. ते आरकेओ स्टुडिओचे प्रमुख. याच ह्यूज यांनी १९५१ मध्ये जॅरिको यांना काढून त्यांचे नाव ‘द लास व्हेगास स्टोरी’ या चित्रपटाच्या श्रेयावलीतून वगळले होते. जॅरिको न्यायालयात गेले आणि हरले. जॅक्सन यांनी ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ थांबवता येईल का असे विचारले, तेव्हा ह्यूज यांनी मार्च १९५३ मध्ये पत्र लिहून चित्रपट पूर्ण होण्यासाठी काय काय लागते याची पायरीवार जंत्रीच दिली : फिल्म धुण्याची प्रयोगशाळा, ध्वनिमुद्रण, संगीताचे मुद्रण, ध्वनिमिश्रण, वितरणाच्या प्रती. यांपैकी प्रत्येकाने नकार दिला तर चित्रपट होणारच नाही, आणि फिल्म परदेशी पाठवून काम करून घेतले जाऊ नये याकडे सरकारने लक्ष ठेवावे, असा त्याचा आशय. हे पत्र काँग्रेसच्या कामकाजाच्या छापील नोंदीत समाविष्ट असल्यामुळे घरी बसून वाचता येते. त्यासाठी मॅडिसनला जावे लागत नाही. यादी कधी निघाली नाही, पण यादी चालते कशी याची कृती मात्र एका स्टुडिओप्रमुखाने सही करून दिली.

पुढचे वर्ष त्या पत्राबरहुकूम गेले. प्रयोगशाळांनी दारे बंद केली, तेव्हा फिल्मची रिळे खोट्या नावांनी निरनिराळ्या ठिकाणी धुऊन घेतली गेली. संकलनाची जागा वारंवार बदलावी लागली. एक टप्पा तर बंद पडलेल्या चित्रपटगृहातल्या बायकांच्या प्रसाधनगृहात पार पडला. १४ मार्च १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रँड थिएटरमध्ये चित्रपट लागला आणि समीक्षकांनी त्याला बरे म्हटले, तरी देशभरात मोजक्याच चित्रपटगृहांनी तो घेतला. मी ज्या शिकागोतून बसने आले होते तिथे चित्रपटगृहांच्या यंत्रचालकांनी तो दाखवण्यास नकार दिला. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हारीच्या चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

१९५६ मध्ये इंडिपेंडंट प्रॉडक्शन्स कॉर्पोरेशनने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल केला. दाव्याचा मुद्दा हाच की, हे सगळे नकार स्वतंत्र नव्हते, त्यामागे संगनमत होते. इथे त्या कार्बन प्रतींचा उलगडा होतो. संगनमत सिद्ध करायचे तर नकाराचे प्रत्येक पत्र, ते ज्या तारखेला आले ती तारीख, त्याआधी ठरलेला करार आणि मधल्या काळातले टेलिफोन, सगळे जपून ठेवणे भाग होते. सहा महिने तुरुंगात काढून आलेल्या माणसाला न्यायालयात काय टिकते हे कळून चुकले असावे, असा माझा तर्क आहे. नकाराची पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : राजकारणाचा शब्द क्वचित येतो. काम फार आहे, यंत्र मोकळे नाही, वेळापत्रक भरले आहे. अशी पत्रे मीही नोकरीत टंकून घेतली आहेत, त्यामुळे त्यांच्या ओळींमधले मला अगदी सहज वाचता आले.

१९६४ मध्ये ज्युरीने कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. आठ वर्षांनी. तो निकाल वाचून झाल्यावर मी फोल्डर बंद केला, खोके परत केले आणि तलावाकाठच्या गच्चीवर जाऊन बराच वेळ बसले. राग आला होता, आणि दावा हरणाऱ्यांनी आपले हरलेले कागदही सार्वजनिक संस्थेला देऊन टाकले याचे नवलही वाटत होते.

जुलैच्या अखेरीस फोयाचे उत्तर आले. काही पाने देण्यात आली होती आणि उरलेल्या नोंदी राष्ट्रीय अभिलेखागाराकडे हस्तांतरित झालेल्या असू शकतात असे कळवून फायलीचे क्रमांक दिले होते. जुन्या फायलींबाबत हे नेहमीच घडते, त्यामुळे निराश होऊ नये. क्रमांक हाती आला की पुढचा अर्ज सोपा जातो. मिळालेली पाने शंभरच्या आत असल्यामुळे मला एक सेंटही द्यावा लागला नाही. झाकलेल्या मजकुराशेजारी समासात लहान अक्षरांत कलमे लिहिलेली असतात. ‘बी-सात-सी’ म्हणजे कुणाच्या तरी खासगीपणाचे रक्षण, ‘बी-सात-डी’ म्हणजे गोपनीय खबऱ्या. हे कळले की काळ्या चौकोनांतूनही थोडे वाचता येते : परिच्छेदाशेजारी सात-डी असेल तर ती बातमी कुणीतरी गुप्तपणे दिली. सत्तर वर्षांनंतरही खबऱ्याचे नाव झाकलेले आणि ज्याच्यावर खबर दिली त्याचे नाव ठळक, हे पाहून मी अधिकारी म्हणून समजू शकले, वाचक म्हणून मात्र पचवणे कठीण गेले. अपिलासाठी नव्वद दिवस मिळतात. मी अपील केले नाही, कारण लेखाला त्या नावांची गरज नव्हती. ज्यांना गरज असेल त्यांनी ती मुदत दिनदर्शिकेवर लगेच मांडावी.

ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला भाचीकडे जाणे झाले, तेव्हा ह्यूॲकच्या मूळ कागदांची चौकशी करून घेतली. ते राष्ट्रीय अभिलेखागाराच्या शहरातल्या जुन्या इमारतीत, विधिमंडळाच्या नोंदींच्या केंद्रात आहेत. संशोधक ओळखपत्र तिथेच मोफत काढून मिळते आणि त्यालाही पासपोर्ट पुरतो. प्रतिनिधिगृहाच्या संवेदनशील तपासाच्या नोंदी पन्नास वर्षे बंद राहतात, पण या प्रकरणातल्या फायलींची ती मुदत केव्हाच उलटली आहे. माझ्या हाताशी वेळ थोडा होता, म्हणून मी फक्त सूच्या पाहून क्रमांक उतरवून घेतले.

लेख सप्टेंबरमध्ये पुण्याला परतल्यावर लिहिला. लिहिताना सगळ्यांत अवघड गेले ते मोठे शब्द टाळणे. या माणसांतले काही जण खरोखर कम्युनिस्ट होते, पक्षाचे सदस्य होते आणि सोव्हिएत राजवटीविषयी डोळे मिटून बसले होते. ते लपवून त्यांना निव्वळ निष्पाप बळी म्हणून रंगवले तर त्यांच्यावरच अन्याय होतो. पक्षाचे सदस्य असणे हा त्या देशात गुन्हा नव्हता आणि तरीही त्यांचे काम गेले, एवढे सांगणे पुरेसे आहे. १९९२ मध्ये ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’चा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला. २७ ऑक्टोबर १९९७ रोजी चित्रपटकर्मींच्या संघटनांनी बेव्हर्ली हिल्समध्ये समारंभ करून काळ्या यादीबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. जॅरिको तिथे होते आणि दुसऱ्याच दिवशी मोटार अपघातात गेले. हे मी लेखात एका ओळीत लिहिले आणि तिथे कुठलेही विशेषण जोडले नाही.

एकूण खर्चात विमानाचे तिकीट धरले नाही, कारण ते एरवीही काढायचेच होते. बस, मॅडिसनमधली खोली आणि बाहेरचे थोडे जेवण मिळून साडेचारशे डॉलरच्या आत भागले. ज्यांना मॅडिसनला जाणे शक्य नाही त्यांनी अभिलेखपालांकडे ठरावीक फोल्डरच्या प्रतींचे दर विचारावेत. फोल्डरचे नाव नेमके लिहिले तर उत्तर लवकर येते.

बाकीचे कागद देशभर विखुरलेले आहेत. विल्सन यांचे लॉस एंजेलिसला कॅलिफोर्निया विद्यापीठात, स्कॉट यांचे वायोमिंगमधल्या लॅरमी इथे, खाणकामगार युनियनचे कोलोरॅडो विद्यापीठात बोल्डरला, आणि युनियनचे संघटक क्लिंटन जेन्क्स यांचे ॲरिझोना स्टेट विद्यापीठात. बोल्डरचे कागद कुणी मराठी वाचकाने पाहिले तर मला त्या बायकांविषयी विचारायचे आहे : युनियनच्या सभेत त्यांच्या मताधिकारावर जी चर्चा झाली तिचे मूळ इतिवृत्त तिथे सापडते का. माझ्या लेखातली ती जागा अजून मोकळी आहे.